वस्तऱ्याला गंज लागू नये म्हणून

घडीचा वस्तरा पुन्हा घराघरांत दिसू लागला आहे. कुणी हौसेनं नवा मागवतो, कुणाला आजोबांच्या ट्रंकेत शेफील्ड किंवा झोलिंगेनची अक्षरं कोरलेलं जुनं पातं सापडतं आणि तो ते धार लावून वापरात आणतो. मृगाच्या सरी सुरू झाल्या की दोघांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. पात्यावर, विशेषतः मुठीच्या आत लपणाऱ्या भागावर, तांबूस ठिपके दिसू लागतात. हा लेख अशा सगळ्यांसाठी आहे, आणि त्यातही कोकणात, मुंबईत, गोव्यात समुद्राच्या जवळ राहणाऱ्यांसाठी.

विळीला किंवा कोयत्याला गंज चढला तर दगडावर घासून काम चालतं. वस्तऱ्याचं तसं नाही. चांगल्या लावलेल्या धारेचं टोक एका मायक्रॉनपेक्षाही कमी जाडीचं असतं. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. इतक्या बारीक कडेवर गंजाचा सूक्ष्म कण बसला तरी तिथलं पोलाद खाल्लं जातं आणि धारेला डोळ्यांना न दिसणारे दाते पडतात. म्हणून पात्यावर गंज दिसण्याच्या कितीतरी आधी तो गालावर कळतो. कालपर्यंत मऊ चालणारा वस्तरा आज ओढतो, खरखरतो. आपण दोष देतो चामड्याच्या पट्ट्याला, दगडाला किंवा आपल्या हाताला. मग वस्तरा पुन्हा दगडावर जातो, पुन्हा चार दिवस बरा चालतो, पुन्हा ओढू लागतो. प्रत्येक वेळी थोडं पोलाद झिजतं. पावसाळ्यात वरचेवर धार लावावी लागत असेल, तर आधी वस्तरा ठेवण्याची जागा आणि पद्धत तपासा.

बहुतेक वस्तरे उच्च कार्बन पोलादाचे असतात. त्यात सुमारे एक टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो, आणि म्हणून ते इतके कडक होतात व इतकी बारीक धार धरतात. पण गंज रोखणारं क्रोमियम त्यात जवळजवळ नसतं. निदान साडेदहा टक्के क्रोमियम असेल तेव्हाच पोलादाला स्टेनलेस म्हणतात. स्टेनलेसचे वस्तरेही मिळतात आणि समुद्रकाठच्या माणसाला पहिला वस्तरा घ्यायचा असेल तर तोच घ्यावा, असं माझं मत आहे. तरी त्यांनाही गंज लागतो, फक्त उशिरा. खारं पाणी तासन्‌तास चिकटून राहिलं तर स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात. तेव्हा पुढचं सगळं त्यांनाही लागू आहे.

ओलावा आणि मीठ

उघड्या पोलादावर गंज वेगानं चढू लागतो तो हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेल्यावर. ८० टक्क्यांच्या पुढे तर पृष्ठभागावर पाण्याचा इतका दाट थर धरतो की कोरड्या दिसणाऱ्या पात्यावरही काम चालूच राहतं. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणपट्टीची हवा ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते. पापड सादळतो ती हवा वस्तऱ्याला बाधते, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मीठ आलं की ही ६० टक्क्यांची मर्यादाही उरत नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात सूक्ष्म खारे कण असतात. त्यातलं नेहमीचं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला स्वतःच पाणी ओढून विरघळू लागतं, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे रत्नागिरी, मालवण किंवा पणजीत हिवाळ्याच्या कोरड्या दिवशीही पात्यावर बसलेला खारा कण ओला राहू शकतो. हेच मीठ आपल्या घामातही असतं. चकचकीत पात्यावर बोटांचे ठसे जसेच्या तसे गंजात उमटलेले दिसतात ते त्यामुळे. वस्तरा हातात घेतला की पात्याच्या मधल्या चकाकत्या भागाला बोट लावायचं नाही आणि लावलंच तर ठेवण्यापूर्वी पुसायचं, ही सवय फुकट आहे आणि कोणत्याही तेलाहून मोलाची आहे.

घाटावर आणि विदर्भात प्रश्न वेगळा. तिथे पावसाळा वस्तऱ्याला तितका छळत नाही, पण उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेनं शिंगाच्या मुठी वाकतात, तडकतात. त्याबद्दल पुढे.

आधी कोरडा करा

मला सगळ्यात जास्त तळमळीनं सांगायचं आहे ते हे: वस्तरा आधी पूर्ण कोरडा करायचा, मग तेल लावायचं आणि बंद डब्यात सगळ्यात शेवटी ठेवायचा. बरेच जण उलटं करतात. महागडा हवाबंद डबा आणतात, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकतात आणि दाढी झाल्यावर वस्तरा वरवर पुसून आत ठेवून देतात.

थोडा हिशेब करून पाहू. ३० अंश तापमानाला हवा बाष्पानं पूर्ण भरलेली असली तरी एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी असतं. दीड लिटरच्या डब्यात तेवढ्याच प्रमाणात पाणी मोजलं तर ते ०.०५ ग्रॅमपेक्षाही कमी भरतं. पाण्याचा एक लहान थेंबही साधारण ०.०५ ग्रॅमचा असतो. म्हणजे मुठीच्या फटीत अडकलेला एकच थेंब डब्यातल्या सगळ्या हवेइतका ओलावा घेऊन आत जातो आणि तो थेट पोलादाला चिकटलेला असतो. ओला वस्तरा हवाबंद डब्यात ठेवण्यापेक्षा उघडा, हवेशीर फळीवर ठेवलेला बरा.

दाढी झाल्यावर करायचं ते असं. फेस धुऊन टाका, पण धुताना पाणी फक्त पात्याला लागू द्या. मूठ आणि खिळ्याचा सांधा शक्य तितका कोरडाच राहायला हवा. नळाखाली सगळा वस्तरा धरायची गरजच नसते. नळाचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर शेवटी थोड्या डिस्टिल्ड पाण्यानं पातं खंगाळावं, म्हणजे क्षारांचे पांढरे डाग राहत नाहीत. मग जुन्या, अनेकदा धुतलेल्या सुती कापडानं पातं पुसा. कापड पाठीकडून धारेच्या दिशेनं सरकवा आणि धार सोडून बाहेर न्या. धारेवरून लांबीच्या दिशेनं कापड कधीही ओढू नका, बोट जाईल. त्यानंतर टिश्यू पेपरची बारीक घडी करून मुठीच्या दोन पट्ट्यांच्या मधून, खिळ्याच्या अगदी जवळपर्यंत फिरवा. गंजाची सुरुवात नेहमी इथून होते. इथलं पाणी दिसत नाही आणि पातं मिटलं की ते बाहेर पडायला वाटही उरत नाही.

आता वस्तरा अर्धा उघडा ठेवून हवेशीर, मुलांच्या हाताला न लागणाऱ्या जागी काही तास राहू द्या. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवला तर उत्तम. घाई असेल तर हेअर ड्रायरचा गार किंवा कोमट झोत खिळ्याच्या सांध्यावर मिनिटभर मारा. गॅसच्या ज्योतीवर पातं धरून वाळवायचं मात्र मनातही आणू नका. साधारण दीडशे-दोनशे अंशांच्या पुढे पोलादाचं पाणी उतरू लागतं आणि धार तर इतकी पातळ असते की तिला तेवढं तापायला क्षणही लागत नाही. एकदा पाणी उतरलं की त्या धारेत पुन्हा जीव येत नाही.

ज्यांच्याकडे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल त्यांनी त्यात भिजवलेल्या कापसानं पातं आणि सांधा पुसला तर उरलेलं पाणी त्याबरोबर उडून जातं. दवाखान्यातल्या स्पिरिटमध्ये बरंच पाणी असतं, त्यानं हे काम होत नाही. मूठ सेल्युलॉइडची असेल किंवा तिच्यावर वॉर्निश असेल तर अल्कोहोल मुठीला लागू देऊ नये.

पूर्वी परदेशात सात वारांचे सात वस्तरे एका पेटीत विकले जात. धारेला विसावा मिळतो, अशी त्यामागची समजूत होती. मला त्याचा खरा फायदा वेगळाच वाटतो: प्रत्येक वस्तऱ्याला वाळायला पुरता आठवडा मिळतो. पावसाळ्यात रोज दाढी करणाऱ्याकडे दोन वस्तरे असावेत आणि ते आलटून पालटून वापरावेत.

तेल कोणतं?

रोज वापरायच्या वस्तऱ्याला कोरड्या ऋतूत तेलाची गरज नसते. कोकणातल्या पावसाळ्यात असते. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त काळ पडून राहणार असेल तर कुठेही असते.

उत्तम आणि स्वस्त पर्याय म्हणजे औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन. ते रंगहीन, वासहीन असतं, चेहऱ्याला चालतं आणि खवट होत नाही. शिवणयंत्राचं पातळ तेलही चालतं, फक्त दाढीपूर्वी ते नीट पुसावं लागतं. जपानमध्ये कामेलियाच्या बियांचं तेल हत्यारांना लावायची जुनी पद्धत आहे. इथे ते महाग पडतं आणि लिक्विड पॅराफिनपेक्षा ते फार काही जास्त करतं असं नाही.

खोबरेल तेलाचं काय, असं कोकणातला प्रत्येक जण विचारणार. घरात असतं, हाताला सवयीचं असतं. दोन दिवसांसाठी काही नसेल तर लावा, चालेल. पण घाण्याच्या तेलात थोडा ओलावा आणि मोकळी आम्लं राहतात आणि तेल जुनं झालं की ती वाढतात. महिनोन्‌महिने ठेवायच्या वस्तऱ्याला म्हणून ते नको. करडई, सूर्यफूल, जवस ही तेलं तर अजिबात नकोत. हवा लागून ती चिकट होतात आणि शेवटी त्यांचा पिवळट थर पात्यावर सुकून बसतो, तो खरवडावा लागतो. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं द्रावण आहे आणि त्या कामाला ते चांगलं आहे. वस्तरा चुकून भिजला तर सांध्यात फवारा, पण नंतर पुसून वर खरं तेल लावा. त्याचा स्वतःचा थर पातळ असतो, पुरा पावसाळा काढायच्या कामाचा नाही.

तेल किती? सगळ्या पात्याला एक थेंब. कापडाच्या तुकड्यावर घ्या आणि पाठीकडून धारेकडे पुसा, शेपटीपर्यंत सगळीकडे. पात्यावर ओघळ दिसत असेल तर जास्त झालं. जास्तीचं तेल मुठीत उतरतं, धूळ धरतं आणि लाकडी मुठीला काळं करतं. खिळ्याच्या सांध्यात टाचणीच्या टोकानं अर्धा थेंब सोडावा. वर्षभर किंवा अधिक काळ ठेवून द्यायचा वस्तरा असेल तर साध्या व्हॅसलीनचा पातळ थर जास्त टिकतो.

दाढीपूर्वी तेल पूर्ण पुसून मगच वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवा. पट्ट्याला तेल लागलं की त्याची पकड जाते.

कुठे ठेवायचा

बाथरूममध्ये नको. आरशामागच्या कपाटात, खिडकीच्या कट्ट्यावर, कुठेच नको. गरम पाण्याच्या वाफेनं तिथली आर्द्रता अंघोळीच्या वेळी शंभर टक्क्यांना टेकते आणि पावसाळ्यात दिवसभर उतरत नाही. पावसाच्या माऱ्याला तोंड देणारी बाहेरची भिंत असेल तर तिला टेकलेल्या कपाटातही नको. घराच्या आतल्या बाजूचं, जमिनीपासून उंचावर असलेलं कपाट चांगलं.

मूळ पेटी जपून ठेवा, पण वस्तरा तिच्यात ठेवू नका. जुन्या पेट्या पुठ्ठ्याच्या असतात, आतून मखमल असते. हे दोन्ही पदार्थ पावसाळ्यात पाणी पितात आणि ते पाणी पात्याला लावून ठेवतात. पुठ्ठा शिवाय आम्लधर्मी असतो. चामड्याची म्यानं दिसायला सुंदर असतात, प्रवासात दोन दिवस चालतात, पण कमावलेल्या चामड्यात टॅनिन आणि क्षार उरलेले असतात, ओलाव्यात ते पोलादाला खातात. ओक लाकडाच्या डब्यातून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटत राहते, तोही टाळावा.

मग काय घ्यावं? घट्ट झाकणाचा, रबरी गॅस्केट असलेला साधा प्लॅस्टिकचा डबा. त्यात सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. निळं सिलिका जेल कोबाल्ट क्लोराइडनं रंगवलेलं असतं आणि ते तब्येतीला घातक मानतात. नारंगी रंगाचं घ्या, ते पाणी प्यायलं की हिरवं होतं. मोठ्या डब्याला पन्नास-शंभर ग्रॅम पुरतं. हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवा, पुन्हा नारंगी होतं. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राहिली की झालं, त्याहून खाली नेण्याचा हट्ट नको. डबा वरचेवर उघडला तर सिलिका जेल पुरं पडत नाही, म्हणून रोजचा वस्तरा या डब्यात ठेवू नये. तो बाहेर, वाळवून आणि तेल लावून ठेवावा.

आर्द्रतामापक खरं सांगतो की नाही हे घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-तीन थेंब पाणी टाकून ते ओलसर करा, पातळ करू नका. झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी मापकानं ७५ टक्के दाखवायला हवं. ७० दाखवलं तर तो पाच टक्के कमी दाखवतो, एवढं लिहून ठेवा.

कपाटात लटकवायच्या ओलावा शोषणाऱ्या पिशव्या बाजारात मिळतात. त्यातल्या बऱ्याचशा कॅल्शियम क्लोराइडच्या असतात आणि खाली जमतं ते खारं पाणी असतं. त्याचा एक थेंब पात्यावर पडला तर वर्षभराची काळजी वाया जाते. त्या पिशव्या कपड्यांच्या कपाटात राहू द्या, वस्तऱ्याजवळ नको. चुन्याची पुडी आणि तांदूळ हेही नको. चुना दाहक असतो, तांदूळ फार थोडं पाणी शोषतो आणि पीठ सोडतो. अवजारांच्या पेटीत कापराची वडी टाकायची सुतार-लोहारांची जुनी रीत आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवून तेल टाळू नये. डांबराच्या गोळ्या प्लॅस्टिकला चिकटतात, मऊ करतात, त्या तर नकोतच.

पुणे-चाकणच्या वाहनउद्योगात लोखंडी सुटे भाग ज्या कागदात गुंडाळून परदेशी पाठवतात तो व्हीसीआय कागद सामान्य माणसालाही विकत मिळतो. त्यातून बाहेर पडणारी वाफ पोलादावर बसून गंज रोखते. दीर्घकाळ ठेवायच्या वस्तऱ्याला हा फार कामाचा आहे. पोलाद आणि पितळ दोन्हीला चालणारा कागद मागून घ्यावा, कारण वस्तऱ्याचा खिळा पितळी असू शकतो.

संग्रह मोठा असेल तर छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी लागू नये म्हणून जी विजेवर चालणारी कोरडी कपाटं वापरतात, ती घ्यावीत. तेवढा खर्च नको असेल तर लहान कपाटात कमी वॅटचा बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती अजूनही चालते. २७ अंशांची ८५ टक्के दमट हवा नुसती ३१ अंशांपर्यंत तापली तरी तिची आर्द्रता ६८ टक्क्यांच्या आसपास उतरते. पाणी तेवढंच राहतं, पण ते पात्यावर बसायला कचरतं. तरी ६८ म्हणजे ६० नव्हे, तेव्हा तेल हवंच. आणि बल्बच्या कपाटात सेल्युलॉइडचा वस्तरा कधीही नको.

वातानुकूलित खोलीत वस्तरा ठेवणाऱ्यांनी एक सांभाळावं. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. २३ अंशांच्या खोलीतून गार पातं बाहेरच्या हवेत आणलं की लगेच त्यावर दव धरतं, चष्म्यावर धरतं तसं. डबा बंदच बाहेर आणा, तासभर बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. परदेशातून आलेल्या, विमानाच्या पोटात गार झालेल्या सामानालाही हाच नियम लावा.

सेल्युलॉइडची मूठ

आतापर्यंत हवाबंद डब्याची बाजू घेतली. आता त्याला असलेला एक मोठा अपवाद, आणि हा भाग जुने वस्तरे बाळगणाऱ्यांनी दोनदा वाचावा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे कित्येक दशकं वस्तऱ्याच्या मुठी सेल्युलॉइडच्या होत असत. हस्तिदंतासारख्या, कासवाच्या पाठीसारख्या, नक्षीदार, रंगीत. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. ते वयाबरोबर आतून विघटित होतं आणि त्यातून नायट्रोजनच्या ऑक्साइडांची वाफ सुटते. हवेतल्या ओलाव्याशी मिळून तिचं आम्ल होतं. हे आम्ल प्रथम आपल्याच मुठीतल्या पात्याला खातं, मग शेजारच्या वस्तऱ्याला. डबा हवाबंद असेल तर वाफ आतच कोंडते, आणि कोंडलेल्या आम्लानं सेल्युलॉइडचं विघटन आणखी वेगानं होतं.

ओळखायचं कसं? पात्याचा मिटल्यावर मुठीत जाणारा भागच गंजलेला आणि शेपटी मात्र स्वच्छ, अशी विभागणी दिसली तर संशय घ्या. मूठ पिवळट पडलेली, आत बारीक चौकटीदार तडे गेलेले, पृष्ठभाग घामेजल्यासारखा चिकट, नाकाला झोंबणारा आंबट वास, ही सगळी त्याची लक्षणं. पारदर्शक आणि कासवपाठी रंगाच्या मुठी लवकर बिघडतात. अपारदर्शक पांढऱ्या मुठींत बहुधा झिंक ऑक्साइड असतं आणि ते आम्ल मारतं, म्हणून त्या जास्त टिकतात.

असा वस्तरा इतरांपासून तत्काळ वेगळा करा, गार आणि हवेशीर जागी ठेवा, शक्यतो पातं अर्धं उघडं ठेवून आणि त्याला जास्त तेल लावून. विघटन सुरू झालं की ते परतवता येत नाही. पातं चांगलं असेल तर खिळा काढून मूठ बदलून घ्यावी. आणि सेल्युलॉइड भडकन पेटतं. काडी लावून परीक्षा पाहू नका, देवघराजवळ ठेवू नका.

शिंगाच्या मुठीची काळजी वेगळी. शिंग हे केसासारखं केराटिन, त्याला ओलावा थोडा हवाच. फार कोरड्या हवेत ते आक्रसतं, वाकतं, पात्याला घासू लागतं. नागपूर-अकोल्याकडच्या उन्हाळ्यात शिंगी मुठीचा वस्तरा सिलिका जेलच्या डब्यात ठेवू नका, आणि मुठीला महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवा. शिंगाला कीडही लागते, भुकटी पडलेली दिसली तर लगेच बाजूला काढा. हस्तिदंती मूठ असेल तर ती उन्हात आणि पाण्यात अजिबात नको. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला भारतात कायद्यानं बंदी आहे, हेही ध्यानात असू द्या.

आपल्याकडच्या दोन सवयी

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. धोकटीतला वस्तराही पाटावर येतो, त्याला हळद-कुंकू लागतं, झेंडूची फुलं वाहिली जातात. पूजा जरूर करावी. फक्त ओलं हळद-कुंकू आणि फुलांचा रस पात्यावर रात्रभर राहू देऊ नये. गंध-कुंकू मुठीला किंवा शेपटीला लावावं आणि पूजा उतरवल्यावर त्याच दिवशी पुसून तेलाचा हात द्यावा. याच निमित्तानं पावसाळ्यानंतरची पाहणीही होते.

दुसरी सवय सलूनमधली. आता बहुतेक नाभिक बांधव ग्राहकागणिक नवं पातं बदलता येणारा वस्तरा वापरतात, आणि ते योग्यच आहे. पण पातं धरणारा सांगाडा, कात्र्या आणि काही ठिकाणी जपून ठेवलेले जुने वस्तरे निर्जंतुक करायला ब्लीचिंगचं द्रावण वापरलं जातं. त्यातलं क्लोरीन पोलादाचा वैरी आहे. ब्लीच वापरलंच तर ठरलेली मिनिटं झाल्यावर लगेच स्वच्छ पाण्यानं धुऊन, कोरडं करून तेल लावावं. रात्रभर बुडवून ठेवू नये.

गंज आलाच तर

पात्यावरची निळसर-करडी किंवा काळपट झाक म्हणजे गंज नव्हे. वापरातल्या कार्बन पोलादावर ती येतेच, ती टिकून राहते आणि थोडंफार रक्षणही करते. तिला घासून काढू नका. तांबूस, बोटाला लागणारा थर मात्र लगेच काढायला हवा, कारण तो स्वतःच ओलावा धरून ठेवतो.

थोडासाच गंज असेल तर त्यावर तेल लावून काही तास राहू द्या आणि सुती कापडानं घासा. न गेल्यास कापडावर चिमूटभर धातूचं पॉलिश घ्या. हात नेहमी धारेपासून दूर, पाठीच्या समांतर. नक्षीत सोनेरी मुलामा असेल तर तिथे पॉलिश लावू नका, मुलामा एका घासण्यात जातो. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी पितळ उजळतं, पण पोलादाचं मात्र पोलादच खाल्लं जातं. आणि गल्लीतल्या पॉलिशवाल्याच्या फिरत्या चाकावर वस्तरा देऊ नये. चाकाच्या घर्षणानं पातळ पातं क्षणात तापून मऊ होतं, बाहेरून झळझळीत आणि आतून निकामी.

गंजानं केलेले काळे खड्डे पात्याच्या मध्यावर असतील तर राहू द्या, दाढीला ते अडत नाहीत. ते धारेपर्यंत पोहोचले असतील तर धार लावताना तिथे पोलाद सुटत राहील, आणि असा वस्तरा चेहऱ्याला लावू नये. वडिलार्जित वस्तू म्हणून जपावा, तेल लावून.

घरात जुना वस्तरा असेल तर पाऊस येण्याची वाट पाहू नका. आज काढा, उघडा, खिळ्याजवळ बॅटरी मारून पाहा, मुठीचा वास घ्या. मूठ सेल्युलॉइडची निघाली तर तो वस्तरा आजच इतरांपासून वेगळा ठेवा.